क्यूब पास झाला, स्लॅबचे काय?

काँक्रीटच्या प्रयोगशाळेतल्या एका तोंडी परीक्षेत मी विद्यार्थ्याच्या हातात क्यूब, म्हणजे चाचणीसाठी ओतलेला काँक्रीटचा ठोकळा, दिला आणि तो सीटीएममध्ये, म्हणजे दाबचाचणीच्या यंत्रात, ठेवायला सांगितले. त्याच्या जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते की भार साच्याच्या लोखंडी भिंतींना लागून असलेल्या बाजूंवर द्यावा, थापीने सारख्या केलेल्या माथ्यावर देऊ नये. त्याने मात्र माथाच वर करून क्यूब ठेवला. थापीने कितीही घोटला तरी माथा त्या बाजूंइतका सपाट होत नाही. यंत्राची प्लेट मग उंचवट्यांवरच टेकते आणि चांगल्या काँक्रीटचा क्यूबही कमी भाराला फुटतो. त्या जर्नलला १० पैकी ९ गुण मीच दिले होते.

क्यूबची चाचणी ही स्वतः मूल्यमापनाची मोठी विचारपूर्वक बांधलेली पद्धत आहे. १५० मिमी बाजूच्या साच्यात ताजे काँक्रीट तीन थरांत भरतात, हाताने भरायचे असेल तर प्रत्येक थराला १६ मिमी जाडीच्या सळईने ३५ ठोके देतात, दुसऱ्या दिवशी साचा खोलून क्यूब साधारण २७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि २८ व्या दिवशी फोडतात. एम-२० प्रतीच्या काँक्रीटकडून दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन एवढी ताकद अपेक्षित असते; म्हणजे तळहातावर जेमतेम मावणाऱ्या त्या ठोकळ्याने ४५० किलोन्यूटन, सुमारे ४६ टन, भार पेलायला हवा.

हा २० चा आकडा सरासरीचा नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. आयएस ४५६ या मानकानुसार त्याच्याखाली जाणारे निकाल ५ टक्क्यांहून अधिक असू नयेत. काँक्रीटची ताकद घाणागणिक, म्हणजे एका वेळी कालवलेल्या मिश्रणागणिक, थोडीफार बदलणारच, हे गृहीत धरून सरासरीचे लक्ष्य या चढउताराच्या मापाच्या, म्हणजे प्रमाण विचलनाच्या, १.६५ पटीने वर ठेवतात. विचलन ४ मानले तर एम-२० साठी ते २६.६ इतके येते. शिवाय एका नमुन्यातून तीन क्यूब काढतात आणि त्यांपैकी एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त भरकटला, तर त्या नमुन्याचा निकालच ग्राह्य धरत नाहीत. काँक्रीटला असे काठावर पास होता येत नाही. शंभरापैकी चाळीस गुणांवर विषय सुटतो तेव्हा उरलेल्या साठांत नेमके काय राहून गेले, हे आपण सहसा विचारत नाही. ते राहून गेलेले कदाचित कातरबलाचे, म्हणजे तुळईला कापू पाहणाऱ्या बलाचे, प्रकरण असते, आणि पुढे तुळईला जाणारा तडा गुणांची बेरीज पाहून थांबत नाही.

मात्र एवढी काटेकोर चाचणीही क्यूबचीच असते, स्लॅबची नव्हे. क्यूब हौदात आरामात भिजतो, स्लॅबला पाणी मारणारा माणूस सुट्टीवर गेलेला असू शकतो. क्यूबमध्ये लोखंडाची गर्दी नसते. कॉलम आणि बीम यांच्या सांध्यात काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई शिरायलाही जागा नसते. मानकाला हे पक्के माहीत आहे. म्हणून शंका आल्यावर बांधकामातूनच कोअर, म्हणजे नळकांड्याच्या आकाराचे नमुने, कापून काढतात, तेव्हा त्यांच्या सरासरीकडून पूर्ण ताकद मागत नाहीत. प्रतीच्या ८५ टक्के आली आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली गेला नाही, तर काँक्रीट स्वीकारतात. प्रयोगशाळेतली गुणवत्ता आणि जागेवरची गुणवत्ता यांतला फरक असा आकड्यात मांडलेला मला आमच्या परीक्षापद्धतीत कुठे सापडलेला नाही.

मूल्यमापन बिघडते ते बहुधा यंत्रापाशी नाही, नमुन्यापाशी. क्यूबसाठी सिमेंट सढळ हाताने घालून वेगळा घाणा कालवणारे कंत्राटदार साइटवर काम केलेल्या कोणालाही नवे नाहीत. यंत्र अचूक असते, अहवालही खरा असतो, फक्त तो त्या स्लॅबचा नसतो. आमच्याकडे याच प्रकाराला जीटी म्हणतात: काचेखाली दिवा लावायचा, वर मित्राची ड्रॉइंगची शीट ठेवायची, तिच्यावर कोरा कागद ठेवून रेघा गिरवायच्या. ग्लास ट्रेसिंगचे हे कौशल्य टर्मवर्कच्या गुणांत व्यवस्थित उतरते. आता शीटची जागा संगणकातल्या फाइलने घेतली आहे, त्यामुळे दिव्याचे बिलही वाचते.

अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ साली कायम सदस्य झाला आणि अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशनच्या निकषांत विद्यार्थी शेवटी काय करू शकतो, याला महत्त्व आले. दिशा योग्यच होती. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक प्रश्न कोणत्या सीओचा (विषयातून काय यावे, त्या अपेक्षेचा), तो सीओ कोणत्या पीओशी (पूर्ण अभ्यासक्रमाकडून असलेल्या अपेक्षेशी) जोडलेला, आणि वर्गातल्या किती टक्के मुलांनी ठरवलेली पातळी ओलांडली, याचे तक्ते भरण्यात प्राध्यापकांच्या संध्याकाळी जातात. जीटीच्या शीटवरून काढलेली टक्केवारी दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत मांडली, तरी ती जीटीचीच राहते.

बांधकामाबद्दल शंका उरलीच, तर मानक भारचाचणी सुचवते. स्लॅबवर पूर्ण स्थिर भार आणि त्याशिवाय वापराच्या भाराच्या सव्वापट इतका भार, बहुधा वाळूच्या गोण्या रचून, २४ तास ठेवायचा, खाली डायल गेज लावून वाक मोजायचा आणि मग तो जादा भार उतरवायचा. पुढच्या २४ तासांत स्लॅब किमान ७५ टक्के वाक सोडून परत वर आला पाहिजे. तो किती वाकला, याइतकेच तो किती सावरला, हेही इथे पाहतात. मला ही कसोटी सगळ्यांत प्रामाणिक वाटते. वेळ आणि मजुरी इतकी लागते की ती दर स्लॅबला करता येत नाही, हा भाग वेगळा.

त्याच धर्तीवर गेली काही सत्रे मी प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा क्यूब भरायला लावतो. ओल्या माथ्यावर तो खिळ्याने आपला हजेरी क्रमांक कोरतो आणि २८ दिवसांनी स्वतःच क्यूब फोडतो. गुण ताकदीला नसतात, आकडा तसा का आला हे सांगण्याला असतात. मागच्या वेळी एकाचा क्यूब १७ ला फुटला. त्याने तुकडे उचलून पाहिले, वरच्या भागातल्या पोकळ्या मला दाखवल्या आणि म्हणाला, "सर, तिसऱ्या थराला मी ठोके मोजलेच नव्हते." त्याला मी पूर्ण गुण दिले.