'डंग' आणि 'चात': व्हिएतनामी कडू-तुरटाची जोडी

इंग्रजीतून व्हिएतनामी शिकणारा 'डंग' आणि 'चात' या दोन्हींना बिटर म्हणून मोकळा होतो. मराठी माणसाने तसं करू नये, कारण आपल्याकडे ही जोडी तयारच आहे: डंग म्हणजे कडू, चात म्हणजे तुरट. घोळ होतो तो बहुधा चहात. उत्तर व्हिएतनाममधल्या थाई ङुयेन प्रांताच्या कोऱ्या हिरव्या चहात दोन्ही एकदमच जाणवतात. अशा वेळी घोट गिळून जीभ टाळ्यावरून फिरवावी. ती खरखरीत लागली, तर ते चात. चहातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंडाचा ओलसर गुळगुळीतपणा जातो. म्हणजे चात हा मुळात स्पर्श आहे. डंग ही खरी चव. मागाहून घशात उतरणाऱ्या गोडव्याला 'ङोत हाउ' म्हणतात, आणि चांगल्या चहाची पारख त्यावरच होते.

ताटातही दोघांची कामं वेगळी. चात सोबतीला येतं. हिरव्या केळ्याची साल वरवर तासून पातळ चकत्या करतात, काळ्या पडू नयेत म्हणून आंबट पाण्यात टाकतात आणि भाजलेल्या माशाबरोबर तांदळाच्या पापडीत गुंडाळून खातात. माशाचा उग्रपणा आणि तेलकटपणा त्याने कापला जातो.

डंग मात्र मुख्य पदार्थ होऊन बसतं. दक्षिणेत तेत या नववर्षाच्या सणाला सारण भरलेल्या कारल्याचं सूप करतात. कारल्याचं तिथलं नाव 'खो क्वा', आणि त्याच उच्चारातून 'कष्ट सरले' असाही अर्थ निघतो. आन झांग प्रांतात तर कडुनिंबाचा कोवळा पाला सुक्या माशाबरोबर कोशिंबिरीसारखा खातात, वर चिंचेची चटणी. पाडव्याला नाक मुरडून एखादं पान चावणाऱ्या आपल्यासाठी हे खरोखर शिकण्यासारखं आहे.

कमी-जास्त सांगायची रीत फार सुंदर आहे. शब्द दुप्पट केला की चव सौम्य होते: 'डंग डंग' म्हणजे किंचित कडवट (पहिला सूर सपाट, दुसरा चढता), 'चान चात' म्हणजे जरासं तुरट. उलट 'डंग ङेत' म्हणजे कडूजहर.

लाक्षणिक अर्थही वाटून घेतलेत. नशिबाने दिलेलं दुःख 'काय डंग', म्हणजे तिखट-कडू. बोलण्यातला विखार 'चुआ चात', म्हणजे आंबट-तुरट. आणि बाजारात कुणी भाव 'चात' आहे म्हणालं, तर तो महाग सांगितलाय असं समजावं.