निळा धूर घरच्यांच्या वाट्याचा

आमच्या इंदुरात स्वच्छतेचा विषय निघाला की प्रत्येकाची छाती फुगते, आणि का नाही फुगणार, 2017 पासून सलग सात वेळा स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर, 2023 मध्ये तर दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत हवेसाठीसुद्धा पहिला. पण हे सगळे नंबर रस्त्यावरचे. घरातली हवा कोण बघतं? 2016-17 च्या तंबाखूविषयक देशव्यापी सर्वेक्षणात 38.7 टक्के मोठी माणसं अशी निघाली की ज्यांना घरातच दुसऱ्याचा धूर घ्यावा लागतो. म्हणजे पाचातली जवळजवळ दोन.

डिसेंबरात राजेंद्रनगरला मामांकडे गेलो होतो. सकाळचे नऊ, पोहे-जलेबी आटोपलेली, मामा खिडकीशी उभे राहून सिगारेट ओढत होते आणि मामी मला सांगत होत्या, "अरे खिडकीशीच ओढतात, आत काही येत नाही." तिरपं ऊन आत आलं होतं आणि त्या पट्ट्यात मला चक्क दोन रंगांचे धूर दिसले. जळत्या टोकावरून वर जाणारा निळसर, आणि मामांच्या तोंडून सुटलेला पांढुरका. कधी उन्हात नीट बघा, फरक स्पष्ट दिसतो.

आता हा रंग कुठून आला? आकाश निळं का दिसतं हे शाळेत शिकलोय ना, तेच. कण प्रकाशाच्या तरंगापेक्षा बारीक असेल तर तो निळा प्रकाश जास्त विखुरतो. टोकावरचा ताजा धूर तसा बारीक कणांचा असतो. तोंडात आणि फुप्फुसात जाऊन आलेल्या कणांवर ओलावा चढतो, ते फुगतात, मग सगळेच रंग सारखे विखुरतात आणि धूर पांढुरका दिसतो. म्हणजे निळा धूर मामांच्या छातीत गेलेलाच नाही, तो थेट खोलीत आलाय. घरात साचणाऱ्या धुरात मोठा वाटा याचाच असतो, आणि फिल्टर बसवलेला असतो ओढणाऱ्याच्या टोकाला, या धुराला कुठलाच फिल्टर नाही. शिवाय झुरका घेताना टोक 900 अंशांच्या आसपास तापतं, दोन झुरक्यांच्या मधे ते 600 च्या जवळ नुसतं धुमसत राहतं, जळण अर्धवट होतं, म्हणून या निळ्या धुरात अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड आणि कॅन्सर करणारी नायट्रोसमाइन्स तुलनेत जास्त.

खरी गंमत पुढे आहे आणि मला ती फार आवडते. झाडताना उडालेल्या धुळीचा 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण सेकंदाला साधारण 3 मिलिमीटर खाली येतो, पाच-सहा मिनिटांत मीटरभर उतरला. धुराचा पाव मायक्रॉनचा कण घ्या. खाली पडण्याचा वेग आकाराच्या वर्गाच्या हिशेबात कमी होतो, म्हणजे आकार निम्मा तर वेग पाव (इतक्या बारीक कणाला हवेच्या रेणूंमधून वाट मिळते म्हणून तो या हिशेबापेक्षा दीडपटीहून थोडा जास्त वेगाने पडतो), त्यामुळे त्याला तोच मीटर उतरायला तीन दिवसांच्या वर लागतात. आणि खोलीत पंखा, माणसांची ये-जा, तेव्हा तो खाली बसणार कधी? थोडेफार कण भिंतीला पडद्याला चिकटतात, बाकीचे हवा बदलेल तेव्हाच जातात.

हिशेब करून बघू. एका सिगारेटमधून खोलीत साधारण 10 मिलिग्रॅम बारीक कण येतात. 12 फूट बाय 10 फूट, 10 फूट उंचीची खोली म्हणजे 34 घनमीटर. दर घनमीटरला झाले जवळपास 290 मायक्रोग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटनेची 24 तासांच्या सरासरीची मर्यादा आहे 15. थंडीत खिडक्या लावलेल्या, तासाला खोलीची निम्मी हवा बदलते असं धरलं तर दर 1 तास 25 मिनिटांनी प्रमाण अर्धं होतं. 290, 145, 73, 36, 18. साडेपाच तास गेले तरी 15 च्या वरच, आणि तोवर पुढची सिगारेट पेटलेली असते.

खिडकीचं म्हणाल तर थंडीत घरातली ऊबदार हवा वरच्या बाजूने बाहेर जाते आणि खालून गार हवा आत शिरते, धुरासकट. पंखा नुसतं ढवळतो. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. बाथरूममधे ओढली तर धूर डक्टमधून वरच्या मजल्यावरच्यांकडे. प्युरिफायर कण धरतो, कार्बन मोनॉक्साइड नाही. आणि कापूर, धूप, हवनाने हवा "शुद्ध" होते हे कृपा करून आता सोडून द्या, श्रद्धेने लावा, पण जळणारी प्रत्येक वस्तू हवेत कणच सोडते, वास झाकला जातो इतकंच.

सगळ्यात जास्त सोसतं ते तान्हं मूल. ते मिनिटाला चाळीसेक श्वास घेतं, आपण बारा ते सोळा, आणि त्याला उठून दुसऱ्या खोलीतही जाता येत नाही. दम्याचे झटके, कानाची इन्फेक्शन्स, झोपेतला अचानक मृत्यू, या सगळ्यांचा या धुराशी संबंध पक्का झालाय. मोठ्यांचंही तेच, जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी 1981 मध्ये दाखवलं की स्वतः न ओढणाऱ्या पण नवरा ओढणाऱ्या बायकांना फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो, 91,540 बायकांचा चौदा वर्षं अभ्यास करून.

2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक जागी ओढायला देशभर बंदी आहे, घराला मात्र हा कायदा लागू नाही. तिथे नियम आपणच करायचा, आणि तो पूर्ण घराचा हवा, एका खोलीचा नाही, गाडीत पण नाही, पाहुण्यांनाही सूट नाही. सोडायचीच असेल तर 1800-11-2356 हा फुकट नंबर आहे.

मामांना हा सगळा हिशेब मी कागदावर करून दाखवला. ते काही बोलले नाहीत. मामींनी त्या खिडकीचा पडदा काढून बादलीत भिजत घातला आणि पाच मिनिटांत पाणी चहासारखं झालं. आता मामा खाली गेटपाशी जातात, मफलर बांधून.