पार्श्वभूमी : ऱ्होड आयलंडने मदतीच्या पात्रतेची यंत्रणा बदलली, तेव्हा काय झाले

१३ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याने सरकारी मदतीची पात्रता ठरवणारी ‘आरआयब्रिजेस’ ही आपली संगणक यंत्रणा बंद केली. हॅकर तिच्यात शिरले होते. सुमारे साडेसहा लाख लोकांची नावे, पत्ते, जन्मतारखा, सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि काहींच्या बँक खात्यांचे तपशील त्यांच्या हाती लागले. राज्याची एकूण लोकसंख्या अकरा लाखांच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ कळतो. पुढचे काही आठवडे मदतीचे अर्ज पुन्हा कागदावर भरून घ्यावे लागले. एवढ्या लोकांची माहिती एकाच ठिकाणी कशी गोळा झाली, आणि ती यंत्रणा मुळात आली कुठून, हे समजून घ्यायचे तर बरेच मागे जावे लागते.

गरिबांना धान्य आणि औषधोपचार मिळवून देणाऱ्या अमेरिकेतल्या दोन मोठ्या योजना जवळजवळ एकाच वेळी आल्या. फूड स्टॅम्पचा कायदा १९६४ चा, मेडिकेड १९६५ चे. मुलेबाळे असलेल्या गरीब कुटुंबांना रोख मदत देणारी योजना त्याहून जुनी, १९३५ ची. पैसा वॉशिंग्टनकडून, निदान त्याचा मोठा भाग. नियमांची चौकटही तिथूनच. पण अर्ज घेणे, कागद तपासणे आणि ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरवणे हे काम राज्यांकडे. काही राज्यांत ते आणखी खाली, काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्याकडे. म्हणजे नियम एकाचे, अंमल दुसऱ्याचा. अपात्राला मदत गेली किंवा रक्कम चुकली, तर केंद्र राज्याकडून जाब आणि प्रसंगी दंड मागणार. संगणक आले ते या धास्तीतून. १९८० मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, रोख मदतीच्या संगणकीकरणाचा ९० टक्के खर्च केंद्राने उचलण्याची तरतूद केली, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत राज्याराज्यांत मेनफ्रेम यंत्रणा, म्हणजे एका मोठ्या मध्यवर्ती संगणकावर चालणाऱ्या यंत्रणा, उभ्या राहिल्या. ऱ्होड आयलंडची ‘इनऱ्होड्स’ ही त्याच पिढीतली.

या जुन्या यंत्रणांना नावे ठेवणे सोपे आहे. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरे, प्रत्येक गोष्टीला सांकेतिक आकडा, दिवसभर भरलेली माहिती रात्री एकदम प्रक्रियेला जाणार. नियमात छोटा बदल झाला तरी कोबोल या जुन्या संगणकभाषेतला प्रोग्रॅम बदलायला महिने लागत, आणि कोबोल जाणणारी माणसे एकेक करून निवृत्त होत होती. १९९६ मध्ये रोख मदतीची जुनी योजना मोडीत निघून नवी आली, मेडिकेड तिच्यापासून वेगळे काढले गेले, आणि एकत्र बांधलेला हिशेब ठिगळे लावून चालवावा लागला. तरीही पैसे वेळेवर जात होते. कारण यंत्रणेत जे बसत नव्हते ते केसवर्करांच्या, म्हणजे अर्जदारांची प्रकरणे हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या, डोक्यात होते. अमुक प्रकारचे कुटुंब आले की कोणता आकडा टाकायचा, कोणता पडदा दोनदा उघडायचा, कोणती सूचना खोटी म्हणून सोडून द्यायची, हे त्यांना वर्षानुवर्षांच्या सवयीने माहीत होते. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली इथे आहे. जुनी यंत्रणा म्हणजे मेनफ्रेम अधिक ही माणसे. बदलायची वेळ आली तेव्हा हिशेबात फक्त मेनफ्रेम धरला गेला.

पात्रता ठरवणे हे काम बाहेरून वाटते तितके सरळ नाही. उत्पन्न विचारा, मर्यादेशी ताडून पाहा, संपले, असे कुणालाही वाटेल. पण उत्पन्न कुणाचे? फूड स्टॅम्पच्या नियमांत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे लोक, जे एकत्र बाजार करतात आणि एकत्र रांधतात. मेडिकेडच्या आजच्या नियमांत कुटुंब ठरते ते आयकराच्या विवरणपत्रावरून: कोण कुणाला आपल्यावर अवलंबून दाखवतो त्यावरून. एकाच घरात आजी, तिची मुलगी, मुलीची दोन मुले आणि भाड्याने राहणारा भाऊ असेल, तर एका योजनेत ते एक कुटुंब, दुसऱ्या योजनेत दोन किंवा तीन. फूड स्टॅम्पमध्ये घरभाडे आणि वीजबिलाची वजावट असते, मेडिकेडमध्ये ती नाही. फूड स्टॅम्पच्या अर्जावर ३० दिवसांत निर्णय द्यायचा आणि अगदीच निकड असेल तर ७ दिवसांत मदत पोचवायची, असे बंधन आहे. मेडिकेडची मुदत वेगळी. मुलीला महिन्यातून दोन दिवस जास्तीचे काम मिळाले तर हे सगळे हिशेब पुन्हा. असे नियम एका यंत्रणेत ओवायचे म्हणजे प्रत्येक घराची दोन-तीन चित्रे एकाच वेळी सांभाळायची. इथे चूक झाली की ती एका अर्जापुरती राहत नाही, तशा प्रत्येक घराला लागते.

ऱ्होड आयलंडच्या आधी इतर राज्यांचे हात पोळले होतेच. कोलोरॅडोने १ सप्टेंबर २००४ रोजी जुन्या सहा यंत्रणा बंद करून एक नवी सुरू केली, आणि अर्ज तुंबून प्रकरण कोर्टात गेले. टेक्ससने २००५ मध्ये ॲक्सेंचर कंपनीला ८९ कोटी ९० लाख डॉलरचे काम दिले आणि २००७ मध्ये करार गुंडाळला. इंडियानाने डिसेंबर २००६ मध्ये आयबीएमशी दहा वर्षांचा, शंभर कोटी डॉलरहून मोठा करार केला. तिथे अर्जदाराला ओळखणारा केसवर्करच काढून टाकून कॉल सेंटर आणले गेले. एखादा कागद पोचला नाही किंवा फोनवरची मुलाखत हुकली, की ‘सहकार्य केले नाही’ असा शेरा मारून मदत बंद व्हायची. कागद पोचला होता पण स्कॅन झाल्यावर हरवला, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही अर्जदाराचीच. ऑक्टोबर २००९ मध्ये गव्हर्नर मिच डॅनियल्स यांनी तो करार रद्द केला; त्यानंतरची कोर्टबाजी जवळपास दहा वर्षे चालली. आपल्याकडे अंगठा लागला नाही म्हणून रेशन दुकानातून रिकाम्या पिशवीने परत फिरलेल्या माणसाला इंडियानाची ही कथा समजावून सांगावी लागणार नाही.

हे सगळे माहीत असूनही २०११ नंतर राज्ये पुन्हा या कामाला का लागली? उत्तर कायद्यात आणि पैशात आहे. मार्च २०१० मध्ये ओबामांच्या काळातला आरोग्य कायदा झाला. त्यानुसार १ जानेवारी २०१४ पासून मेडिकेडची पात्रता नव्या रीतीने, आयकराच्या धर्तीवर, ठरणार होती. जुन्या मेनफ्रेमला ते पेलणारे नव्हते. म्हणून एप्रिल २०११ मध्ये केंद्राने मेडिकेडच्या पात्रता यंत्रणांसाठीही ९० टक्के खर्च देऊ केला. पाठोपाठ ऑगस्टमध्ये आणखी एक सवलत आली: आरोग्यासाठी बांधलेल्या यंत्रणेचे सामाईक भाग फूड स्टॅम्प आणि रोख मदतीलाही वापरता येतील, आणि त्या योजनांवर त्या खर्चाचा बोजा पडणार नाही. पण ही सवलत सुरुवातीला २०१५ अखेरपर्यंतच होती. नंतर ती २०१८ पर्यंत वाढवली गेली. राज्यांपुढे मोठी रक्कम होती आणि घड्याळ चालू होते. सगळ्या योजना एकाच यंत्रणेत आणण्याचा मोह त्यातून झाला. साडेसहा लाख लोकांची माहिती एका जागी येण्याचे मूळ हेच.

ऱ्होड आयलंड क्षेत्रफळाने साधारण गोव्याएवढे, लोकसंख्येने त्याहून लहान. अशा राज्यात एकत्रीकरण सहज जमेल असे वाटणे स्वाभाविक होते. काम डेलॉइट कंपनीला मिळाले. पहिला टप्पा, म्हणजे आरोग्यविमा निवडण्याचे संकेतस्थळ, १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाला आणि तो बऱ्यापैकी चालला. दुसरा टप्पा खरा अवघड होता: इनऱ्होड्स बंद करून फूड स्टॅम्प, रोख मदत, मेडिकेड, बालसंगोपनाचे अनुदान, सगळे नव्या यंत्रणेत न्यायचे. तारीख पुढे ढकलली गेली. खर्चाचा अंदाज दुपटीहून अधिक वाढून ३६ कोटी ४० लाख डॉलरवर गेला. हा खर्च भरून निघणार होता तो मनुष्यबळ कमी करून. लोक घरून ऑनलाइन अर्ज भरतील, यंत्रणा स्वतः निर्णय देईल, मग एवढे कर्मचारी कशाला, असा विचार होता. त्याप्रमाणे यंत्रणा सुरू होण्याच्या तोंडावरच मानवी सेवा विभागातली सुमारे ७० पदे कमी केली गेली.

फूड स्टॅम्प पाहणाऱ्या केंद्रीय कार्यालयाने राज्याला लेखी इशारा दिला होता: खऱ्या अर्जांवर, मर्यादित जागी चाचणी घेतल्याशिवाय यंत्रणा सुरू करू नका. तरीही १३ सप्टेंबर २०१६ रोजी ती संपूर्ण राज्यात एकदम सुरू झाली.

पुढचे काही दिवस राजधानी प्रॉव्हिडन्समधल्या कार्यालयाबाहेर रांगा लागल्या. मदत ज्या कार्डावर मिळते त्यावर पैसे जमा होईनात. हजारो अर्ज तुंबले. चुकीच्या नोटिसा लोकांच्या घरी गेल्या, आणि त्या चुकीच्या आहेत हे ओळखू शकणारे कर्मचारी जागेवर नव्हते. पाळणाघरे चालवणाऱ्यांचे पैसे अडकले. नर्सिंग होमना, म्हणजे वृद्ध आणि आजारी माणसांना ठेवून सांभाळणाऱ्या संस्थांना, राज्याने तात्पुरत्या उचली देऊन चालते ठेवले. सगळ्यात गंभीर बाब पुढे उघड झाली. काही अर्ज यंत्रणेत दाखल होते, पण कुणाच्याही कामाच्या यादीत दिसत नव्हते. अर्ज नाकारला तर माणूस निदान अपील करू शकतो. न दिसणाऱ्या अर्जाला तेही नाही.

डिसेंबर २०१६ मध्ये नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू या संस्थेने ३० आणि ७ दिवसांची मुदत पाळली जात नाही म्हणून राज्याला कोर्टात खेचले. जानेवारी २०१७ मध्ये विभागाच्या संचालकांनी राजीनामा दिला. फेब्रुवारीत गव्हर्नर जीना रायमंडो यांनी चौकशीचा अहवाल मांडला आणि लोकांची माफी मागितली. मुदती पाळल्या जातात की नाही हे पाहण्यासाठी कोर्टाने त्याच वर्षी एक विशेष अधिकारी नेमला. राज्याने कर्मचारी पुन्हा भरायला घेतले, म्हणजे ज्या बचतीच्या भरवशावर हे सारे उभे होते तीच उरली नाही. डेलॉइटने आधी २ कोटी ७० लाख डॉलरची सूट दिली, २०१९ मध्ये ५ कोटी डॉलरचा समझोता झाला. करार मात्र त्याच कंपनीकडे राहिला. तीन वर्षे तीच यंत्रणा दुरुस्त केल्यावर तिला दुसऱ्या कुणाच्या हाती देणे राज्याला परवडणारे नव्हते. आरआयब्रिजेस हे नाव याच यंत्रणेचे.

समझोत्याच्या या आकड्यांत एक हिशेब कुठेच नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ज्यांच्या कार्डावर पैसे आले नाहीत त्यांनी तो महिना कसा काढला, उसने कुणाकडून घेतले, कोणते औषध सोडले, याची भरपाई कंपनी आणि राज्य यांच्यातल्या करारात येत नाही. पात्रता यंत्रणा बिघडते तेव्हा पहिला फटका ज्याच्याकडे महिनाभर थांबण्याइतकीही शिल्लक नाही त्यालाच बसतो. म्हणून नवी यंत्रणा सिद्ध होईपर्यंत जुनी माणसे आणि जुनी वाट चालू ठेवणे हा खर्च वायफळ मानता येत नाही, असे मला ठामपणे वाटते.

यातून देशभर धडा घेतला गेला का? पुरता नाही. करोनाकाळात मेडिकेडमधून कुणालाही काढायचे नाही असा नियम होता. तो संपल्यावर एप्रिल २०२३ पासून राज्यांनी फेरतपासणी सुरू केली, आणि असे आढळले की अनेक राज्यांच्या यंत्रणा स्वयंचलित नूतनीकरण करताना प्रत्येक व्यक्तीची पात्रता वेगळी न पाहता घराची एकत्र पाहत होत्या. आईचे उत्पन्न मर्यादेबाहेर गेले की पात्र मुलांचेही संरक्षण जायचे. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने जाहीर केले की अशा चुकीमुळे वगळलेल्या सुमारे ५ लाख लोकांना, त्यांत बरीच मुले, पुन्हा सामावून घेतले जाईल. वर सांगितलेला, एका घरात दोन-तीन कुटुंबे सांभाळण्याचा प्रश्न तो हाच.

आता पुढचा बदल दारात आहे. जुलै २०२५ च्या कायद्याने मेडिकेडमधल्या अनेक प्रौढांना महिन्याला ८० तासांचे काम, शिक्षण किंवा समाजसेवा दाखवण्याची अट घातली. ती १ जानेवारी २०२७ पर्यंत लागू करायची आहे, आणि त्या प्रौढांची पात्रता वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी तपासायची आहे. फूड स्टॅम्पमध्ये रक्कम चुकण्याचे प्रमाण ६ टक्क्यांवर गेलेल्या राज्यांना ऑक्टोबर २०२७ पासून मदतीच्या रकमेतला वाटाही स्वतः उचलावा लागेल. म्हणजे राज्यांच्या पात्रता यंत्रणांना तासांच्या नोंदी, सवलतीस पात्र आजारी माणसे आणि दुप्पट नूतनीकरणे हे सगळे ठरलेल्या तारखेच्या आत शिकवायचे आहे. प्रत्येक राज्याने आज विचारायचा प्रश्न एवढाच की त्या तारखेला, यंत्रणा चुकली तर ती चूक ओळखणारी आणि थांबवू शकणारी किती माणसे खुर्चीवर असतील.