आभासी फायरवॉल : पॅकेट-वर्गीकरण

एकाच यंत्रात अनेक आभासी फायरवॉल (नेटवर्कमधील वाहतूक गाळणाऱ्या यंत्रणा) चालत असता, त्यांच्या सामाईक इंटरफेसवर (नेटवर्कशी जोडणाऱ्या द्वारावर) आलेले पॅकेट (माहितीचा तुकडा) कोणाच्या हवाली करायचे हे ठरविण्याची प्रक्रिया. सिस्को अशा प्रत्येक फायरवॉलला ‘सिक्युरिटी कॉन्टेक्स्ट’ म्हणते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः तिच्या एएसए मालिकेचा (२००५) विचार केला आहे. कल्पना त्याहून जुनी म्हणावी लागेल. २००४ मध्ये ज्युनिपरने घेतलेल्या नेटस्क्रीनच्या उपकरणांत ‘व्हर्च्युअल सिस्टिम’ आधीच होत्या व तेथे वाटणी व्हीलॅनवरून (आभासी स्थानिक नेटवर्कवरून) किंवा आयपी पत्त्यांवरून होई.

इंटरफेस एकाच कॉन्टेक्स्टचा असेल तर प्रश्नच उरत नाही. सामाईक असल्यास वर्गीकारक पॅकेटवरील गंतव्य मॅक पत्ता (इंटरफेसचा हार्डवेअर-पत्ता) पाहतो. त्यासाठी प्रत्येक कॉन्टेक्स्टचा मॅक पत्ता वेगळा हवा. नाहीतर शेजारच्या राउटरला एआरपीतून (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता विचारण्याच्या पद्धतीतून) सर्वांसाठी एकच उत्तर मिळते. एएसएने आपोआप तयार केलेले पत्ते ‘ए२’ या षोडशमान बाइटने सुरू होतात. तिच्यातील शेवटून दुसरा बिट १ असल्याने पत्ता स्थानिक ठरतो, उत्पादकाने बहाल केलेल्या पत्त्यांशी त्याची गल्लत होत नाही. एकाच नेटवर्कवर दोन एएसए असल्यास त्यांच्या आपोआप तयार होणाऱ्या पत्त्यांचे उपसर्ग मात्र वेगळे ठेवणे इष्ट.

मॅक पत्ते वेगळे नसतील तर नॅटचा (आयपी पत्ते बदलून देण्याच्या व्यवस्थेचा) आधार घेतला जातो : गंतव्य आयपी पत्ता ज्या कॉन्टेक्स्टच्या नॅट नियमांत सापडेल, पॅकेट त्याचे. सिस्कोच्या एफडब्ल्यूएसएम या जुन्या फायरवॉल मॉड्यूलमध्ये सर्व कॉन्टेक्स्टचा मॅक पत्ता एकच असल्याने भिस्त यावरच होती. बाहेरून आतील सर्व्हरकडे येणाऱ्या वाहतुकीला ही पद्धत पुरते. आतला इंटरफेस सामाईक झाला की अडते. आतील संगणक इंटरनेटवरील कोणत्याही पत्त्याकडे निघू शकतो आणि तो पत्ता सहसा कोणाच्याच नॅटमध्ये नसतो. म्हणून मॅकची पद्धत अधिक भरवशाची मानली जाते. राउटिंग तक्ता (कोणत्या पत्त्याकडे कोणत्या मार्गाने जायचे याची यादी) वर्गीकरणात पाहिलाच जात नाही. तक्ता बरोबर असूनही पॅकेट का हरवते, या नेहमीच्या कोड्याचे उत्तर बहुधा येथे असते.

फायरवॉलच्या स्वतःच्या व्यवस्थापनासाठी आलेले पॅकेट इंटरफेसच्या आयपी पत्त्यावरून ओळखतात. ब्रॉडकास्ट (सर्वांसाठीच्या) व मल्टिकास्ट (एका गटासाठीच्या) पॅकेटची प्रत प्रत्येक कॉन्टेक्स्टला मिळते. जुळणी न झालेले पॅकेट टाकून दिले जाते. पारदर्शक पद्धतीत (फायरवॉल राउटरऐवजी नेटवर्कमधील पुलासारखी चालते तेव्हा) इंटरफेस सामाईक ठेवताच येत नाही.

फोर्टिनेटच्या फोर्टिगेट फायरवॉलमध्ये इंटरफेस एकाच व्हीडॉमचा (तेथील आभासी फायरवॉलचा) असतो. इंटरनेटची सामाईक जोडणी व्हीडॉममधील अंतर्गत दुव्यांनी साधतात.