‘अपडेट करू नका’ या सल्ल्यामागची पार्श्वभूमी

नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबरच्या गल्ल्यांत मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: फोन नीट चालतोय ना, मग अपडेट करू नका, स्क्रीनवर हिरवी लाइन येईल. हा सल्ला देणारे कारागीर अडाणी नाहीत. रोज टेबलावर जे फोन येतात, त्यांनीच त्यांना हे शिकवलं आहे. मात्र तो पाळणाऱ्याचा फोन सुरक्षेच्या बाबतीत दोन-दोन वर्षं मागे राहतो.

अँड्रॉइडचे मासिक सुरक्षा पॅच, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणाऱ्या दुरुस्त्या, ऑगस्ट २०१५ मध्ये सुरू झाले. त्याच्या थोडे दिवस आधी, जुलैअखेर, स्टेजफ्राइट ही त्रुटी उघड झाली होती. व्हिडिओ वाचणाऱ्या लायब्ररीत चूक होती आणि नुसता एमएमएस पाठवून फोनमध्ये शिरता येत होतं. मेसेज उघडायचीही गरज नव्हती. सुमारे ९५ कोटी फोन तिच्या कक्षेत होते. जुलै २०१६ पासून पॅचला दोन तारखा आल्या. १ तारखेच्या पॅचमध्ये अँड्रॉइडच्या स्वतःच्या दुरुस्त्या असतात, ५ तारखेच्या पॅचमध्ये त्यांच्या जोडीला कर्नेल (सिस्टिमचा गाभा) आणि चिपच्या ड्रायव्हरच्याही. सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’खाली ही तारीख दिसते. तिथे १ असेल, तर मॉडेम (नेटवर्कशी जोडणारी चिप) आणि ग्राफिक्स चिपमधली त्या महिन्याची भोकं बुजली असं धरू नये.

अपडेटवरचा विश्वास उडायला सुरुवात झाली ती २०१७ च्या डिसेंबरात. बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. प्रोसेसरने एकदम जोराने करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं आणि ३० टक्के चार्ज दिसत असतानाही फोन बंद पडतो. त्यावर उपाय म्हणून आयफोनच्या जानेवारी २०१७ च्या अपडेटमध्ये जुन्या बॅटरीच्या फोनचा वेग कमी केला गेला. तांत्रिकदृष्ट्या उपाय बरोबर होता, पण लोकांना नीट सांगितलं गेलं नाही. डिसेंबरात बोभाटा झाल्यावर कंपनीला माफी मागावी लागली आणि भारतात बॅटरी बदलण्याचा दर ६,५०० रुपयांवरून २,००० वर आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीत दोन बड्या कंपन्यांना दंड झाला, तोही फोन संथ करणाऱ्या अपडेटसाठीच.

२०२१ उजाडताना एका लोकप्रिय अँड्रॉइड मॉडेलचे फोन अपडेटनंतर थेट डेड झाले. कंपनीने वॉरंटी न पाहता ते फुकट दुरुस्त करून दिले. पण ‘अपडेट केलं आणि बोर्ड गेला’ अशा बाकीच्या तक्रारींत दोष बहुधा आधीपासून आत दबा धरून असतो. अपडेटच्या वेळी मेमरीवर काही जीबी एका दमात लिहिले जातात, मग सगळी अ‍ॅप नव्याने जुळवली जातात आणि प्रोसेसर बराच वेळ पूर्ण जोरात चालतो. चिपखालचा एखादा तडकलेला सोल्डरचा मणी किंवा झिजलेली मेमरी नेमकी याच वेळी उघडी पडते. मग रिबॉलिंग करा, म्हणजे चिपखालचे मणी नव्याने बसवा, नाहीतर बोर्ड बदला.

हिरव्या लाइनचं असंच आहे. अमोलेड पॅनेलला सिग्नल देणाऱ्या चिपकडून प्रत्येक उभ्या रांगेसाठी वेगळी बारीक वाट जाते. हे जोड उष्णता आणि दाब देऊन वाहक चिकटपट्टीने बसवलेले असतात. त्यातला एक सुटला की वरपासून खालपर्यंत एक रेघ उमटते, हिरवी, गुलाबी किंवा पांढरी. सॉफ्टवेअर मारून, म्हणजे नव्याने टाकून, ती जात नाही, फोल्डरच (अख्खा डिस्प्ले) बदलावा लागतो. २०२२ नंतर भारतात या तक्रारी वाढल्या. एका कंपनीने खरेदीला ३ वर्षं न झालेल्या निवडक मॉडेलना एकदा मोफत स्क्रीन दिली, दुसरीने आजीवन हमी दिली. पण २०१६ मध्ये बॅटऱ्या पेटल्यामुळे बाजारातून परत घेतलेल्या फोनचा दोष पुढच्या जानेवारीत बॅटरीच्या कोपऱ्यातल्या वाकलेल्या इलेक्ट्रोडपर्यंत जाहीरपणे उलगडून सांगितला होता. हिरव्या लाइनबाबत तसा खुलासा झाला नाही. ती जागा काउंटरवरच्या तर्काने भरून काढली.

त्यात नागपूरचा उन्हाळा. फोनसाठी ३५ अंशांपर्यंतची हवा योग्य, असं कंपन्याच लिहितात. इथे नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या आसपास असतो. लिथियम बॅटरी ४५ अंशांवर गेली की फोन चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. लोक तो चार्जरचा दोष समजतात. गाडीच्या हँडलला भर दुपारी लावलेला फोन सगळ्यात जास्त भाजतो. रात्रभर कूलरसमोर ठेवलेल्या फोनला ओलसर हवा मिळते, आणि चिकट जोडांना उष्णतेइतकाच दमटपणाही मानवत नाही.

खरा वाद एका निर्णयाचा आहे आणि त्यावर बोललं फार कमी जातं. सुरक्षेची दुरुस्ती आणि नवी आवृत्ती बऱ्याचदा एकाच गठ्ठ्यात का येते? ज्याला फक्त भोक बुजवायचं आहे, त्यालाही नवा कॅमेरा, नवी थीम आणि दोन जादा अ‍ॅप घ्यावीच लागतात. गठ्ठ्यात काय आहे याचं उत्तर बहुतेक वेळा एका ओळीत: ‘सिस्टिमची स्थिरता वाढवली’. पटलं नाही तर मागेही फिरता येत नाही, कारण अँटी-रोलबॅक जुनी आवृत्ती टाकू देत नाही. बळजबरी केली तर फोन डेड. ही आडकाठी सुरक्षेसाठी गरजेची आहे, नाहीतर चोर फोन जुन्या, सच्छिद्र आवृत्तीवर नेईल. पण म्हणूनच गठ्ठा वेगळा करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. हे अशक्य नाही. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून काही भाग ‘गूगल प्ले सिस्टिम अपडेट’मधून स्वतंत्रपणे येतात. चिप आणि मॉडेमचे भाग मात्र अजून मोठ्या अपडेटमध्येच अडकलेले आहेत.

आणि भीती तिथेच आहे. मार्च २०२३ मध्ये एका कंपनीच्या मॉडेम चिपांमधल्या १८ त्रुटी समोर आल्या. त्यातल्या चारांसाठी हल्लेखोराला फक्त फोन नंबर पुरेसा होता. पॅच येईपर्यंत वायफाय कॉलिंग आणि व्होएलटीई (४जीवरून कॉल करण्याची सोय) बंद ठेवा, असं सांगितलं गेलं. फक्त ४जी असलेल्या नेटवर्कवर व्होएलटीई बंद केलं की साधा कॉलही लागत नाही. अशा ग्राहकाकडे पॅचशिवाय दुसरा मार्ग नव्हता.

अपडेट टाळण्यापेक्षा ते नीट करावं. आधी बॅकअप घ्या, किमान १० जीबी जागा मोकळी करा, चार्ज ६० टक्क्यांच्या वर ठेवा. उन्हाळ्यात पहाटे करा, कव्हर काढून, चार्जिंगला न लावता. झाल्यावर दोन-तीन तास गेम आणि कॅमेरा नको, मागे अ‍ॅप जुळवण्याचं काम चालू असतं. बॅटरी फुगलेली असेल किंवा फोन आपोआप रीस्टार्ट होत असेल, तर आधी दुरुस्ती, मग अपडेट. काउंटरवर सॉफ्टवेअर मारून घेतलं तर फोन हातात आल्यावर पॅचची तारीख तपासा. आधीपेक्षा जुनी दिसली किंवा बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिम तपासणारं कुलूप) उघडा राहिला, तर पैसे देण्याआधीच परत करायला लावा.

युरोपात २० जून २०२५ पासून विक्री थांबल्यानंतरही किमान ५ वर्षं अपडेट देणं आणि ८०० चार्जिंग चक्रांनंतर बॅटरीत ८० टक्के क्षमता उरणं बंधनकारक आहे. भारतात २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली गेली, पण अपडेटच्या वर्षांची अशी सक्ती नाही. त्यामुळे बर्डीवर नवा फोन घेताना पॅच किती वर्षं आणि किती महिन्यांनी मिळणार, हे आजही गिऱ्हाइकालाच विचारावं लागतं.