बँक फोनात आली, आता घड्याळाकडेही लक्ष ठेवा

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक
हिशेब व कर सल्ला कार्यालय, म्हापसा

विवरणपत्रे भरायच्या दिवसांत आमच्याकडे येणारी माणसे पूर्वी पिशवीतून पासबुक आणि बिलांचा गठ्ठा काढायची. आता आधी फोन पुढे करतात. "हे अठराशे कुणाला गेले, जरा बघा हो." "खात्यावर होल्ड आलाय म्हणतात, म्हणजे काय झालं?" असे प्रश्न आता रोजचे झाले आहेत. उत्तर वेळेत मिळाले तर पैसे वाचू शकतात, म्हणून ते लिहून तुमच्या हाती देत आहोत. पत्रक घरात सगळ्यांना वाचायला द्या, विशेषतः आई-वडिलांना.

सहीच्या जागी पिन

यूपीआय २०१६ साली सुरू झाले. आज म्हापशाच्या बाजारात चवथीला माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या आराशीचे) सामान विकणाऱ्या बाईसमोरही क्यूआर कोडचा पुठ्ठा असतो. तुम्ही पिन घातला की तुमच्या बँकेतून रक्कम वजा होते, समोरच्याच्या बँकेत जमा होते आणि मधला निरोप एनपीसीआय ही संस्था पोचवते. काही सेकंदांचे काम. नंतर ते परत फिरवायचे म्हटले तर मात्र दिवस जातात, कधी महिने.

पैसे काढायची स्लिप भरली की काउंटरवरचा कारकून सही जुळवायचा, चेहरा ओळखायचा आणि रक्कम मोठी असली तर "आज एवढे कशाला?" असेही विचारायचा. ती चौकशी काहींना नकोशी वाटे, पण चोराच्या वाटेत तो एक दरवाजा होता. आता पिन हीच तुमची सही, आणि ती करण्यापूर्वी थांबवणारे समोर कुणी नसते. ते थांबणे आता आपल्यालाच शिकावे लागणार आहे.

मागच्या पर्यटन हंगामात बार्देशातल्या आमच्या एका ग्राहकाला फोन आला. त्यांच्या दोन खोल्या भाड्याने असतात. पलीकडचा म्हणाला, "मी लष्करात आहे, कुटुंबासह पाच दिवस येतोय, आगाऊ रक्कम पाठवतो." पाठोपाठ क्यूआर कोड आला आणि सूचना: स्कॅन करून पिन घाला, पैसे जमा होतील. त्यांनी घातला, पैसे गेले. "चुकून गेले, परत पाठवतो" म्हणत त्याने दुसरा कोड पाठवला, आणि तेवढीच रक्कम पुन्हा गेली. हे गृहस्थ रुपयाचा हिशेब ठेवणारे आहेत. हंगामातले बुकिंग हातचे जाऊ नये म्हणून घाई झाली, एवढेच. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. हे एक वाक्य फोनच्या मागे चिकटवून ठेवले तरी चालेल.

तसेच "डिजिटल अटक", म्हणजे फोनवरूनच अटक झाल्याचे सांगणे, असा प्रकार भारतीय कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस धमकावू लागला तर फोन ठेवा आणि घरच्यांना सांगा. बँकांची अधिकृत संकेतस्थळे रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने आता "डॉट बँक डॉट इन" या शेवटाची झाली आहेत. कुणी पाठवलेल्या दुव्याचा शेवट तसा नसेल तर तो उघडू नका.

पैसे गेल्यावर

आधी १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा, मग बँकेला कळवून तक्रार क्रमांक लिहून घ्या. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने हलवतो. ते वाटेत कुठेतरी असेपर्यंतच गोठवता येतात, म्हणून दुपारी जेवून मग बघू असे करू नका.

पुढचे घड्याळ रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाचे. तुमची चूक नसताना, बँकेचीही नसताना, त्रयस्थाने खात्यातून पैसे काढले आणि बँकेचा संदेश आल्यापासून कामाच्या ३ दिवसांत तुम्ही कळवले, तर तुमचे नुकसान शून्य धरले जाते. संदेश आला तो दिवस यात मोजत नाहीत. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले तर खात्याच्या प्रकारानुसार ठरावीक मर्यादेपर्यंत भार तुमच्यावर येतो. साध्या बचत खात्याला ती मर्यादा १०,००० रुपये आहे. सात दिवस उलटले की बँकेचे धोरण लागू. चूक बँकेचीच असेल तर तुम्ही कधी कळवले याने फरक पडत नाही.

पण पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. बरेच लोक लाजेने गप्प बसतात आणि तेवढ्यात उरलेलेही जाते. लाजू नका. फसवणारे हेच काम दिवसभर करत असतात, आपल्यावर अशी वेळ पहिल्यांदाच आलेली असते. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे. काउंटरवर कुणी उलटे सांगितले तर हे नम्रपणे दाखवून द्या. ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही, किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, माहितीसाठी १४४४८.

हे सगळे बँकेच्या संदेशावर चालते, म्हणून खात्याला कुणाचा नंबर जोडलेला आहे ते आजच बघा. आईच्या खात्याला जहाजावर असलेल्या मुलाचा जुना नंबर जोडलेला, असे आमच्याकडे वरचेवर दिसते. संदेश भलत्याच फोनवर जातात, आणि घरात पत्ता नसताना ३ दिवस संपतात.

दुकानदारांसाठी: खात्यावरचा होल्ड

होल्ड म्हणजे बँकेने खात्यातली रक्कम रोखून धरणे. हे दुखणे आता वाढले आहे. चोरीचे पैसे फिरवणारा एखादा माणूस पर्यटक म्हणून तुमच्याकडून काजूचे डबे घेतो आणि क्यूआरवर पैसे देतो. पुढे दुसऱ्या कुठल्या राज्यात तक्रार होते, पोलीस पैशांचा माग काढतात आणि बँक तुमची ती रक्कम, कधी संपूर्ण खातेच, रोखते. तुम्ही माल दिलेला असतो. तीन हजारांच्या विक्रीपायी दुकानाचे सगळे व्यवहार थांबावेत हे आम्हाला सरळ अन्यायाचे वाटते.

अशा वेळी बँकेला लेखी अर्ज द्या. कोणत्या पोलीस ठाण्याची तक्रार, तिचा क्रमांक आणि वादातली रक्कम विचारा. होल्ड तेवढ्या रकमेपुरता ठेवावा अशी मागणी करा. सोबत त्या विक्रीचे बिल जोडा. इथेच बहुतेकांचे अडते, कारण "एवढ्याशा विक्रीला कशाला" म्हणून बिल फाडलेलेच नसते. अर्ज लिहायला आम्ही मदत करू, पण बिल आम्हाला मागच्या तारखेने करून देता येणार नाही. धंद्याचे पैसे चालू खात्यात आणि घरचे बचत खात्यात ठेवले, तर होल्ड आला तरी निदान घरखर्च अडत नाही. आणि "तुमचे खाते वापरायला द्या, कमिशन देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खाते देणाराही गुन्ह्यात अडकतो.

बँकच अडचणीत आली तर

म्हापसेकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. म्हापसा अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२० मध्ये रद्द केला, मडगाव अर्बनचा जुलै २०२१ मध्ये. त्याआधीची जुनी आठवणही आहे. गोवा मुक्तीच्या तोंडावर पोर्तुगीज काळातल्या बँकेतून लोकांचे गहाण दागिने लिस्बनला गेले, ते परत आले १९९१ मध्ये. काही घरांत ठेवणारी आजी तोवर उरली नव्हती.

आज ठेवींना विम्याचे संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा ५ लाख रुपये आहे, मुद्दल आणि व्याज मिळून. एका बँकेतल्या सगळ्या शाखांमधली तुमची खाती एकत्र धरतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले तरी विम्याची रक्कम साधारण ९० दिवसांत मिळावी अशी तरतूद आहे.

आमच्या ग्राहकांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल, तर दुकानाच्या नावाचे चालू खाते आणि तुमचे बचत खाते विम्यासाठी एकाच माणसाचे धरले जाते. चार लाख इकडे आणि चार लाख तिकडे असले तरी संरक्षण पाचच लाखांना. भागीदारी संस्थेचे खाते वेगळे मोजतात. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा मुळीच नाही, मग व्याज कितीही चांगले असो.

फोनमुळे इथेही बदल झाला आहे. बँकेबद्दल कुजबुज झाली तर पूर्वी दारात रांग दिसायची. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ९ मार्च २०२३ या एका दिवशी ठेवीदारांनी तब्बल ४२ अब्ज डॉलर काढायला घेतले, आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. हल्ली रांग दिसतच नाही, म्हणून गडबड झाल्यावर धावण्यापेक्षा आधीच ठेवी दोन-तीन बँकांत विभागून ठेवाव्यात, असे आमचे मत आहे.

वारसदारांची गोष्ट थोडक्यात: १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती लावता येतात. परदेशी गेलेल्यांची जुनी विसरलेली खाती शोधायला रिझर्व्ह बँकेचे "उद्गम" पोर्टल आहे.

आमच्या कार्यालयाबद्दल

बँकेचा पिन, पासवर्ड किंवा ओटीपी आम्ही कधीही मागत नाही. व्हॉट्सअॅपवर तो आम्हाला पाठवूही नका. आयकर विवरणपत्राच्या पडताळणीसाठी ओटीपी लागतो. तो तुम्ही आमच्यासमोर बसलेले असतानाच घेतला जाईल. आमचे नाव सांगून कुणी फोनवर मागितला, तर तो माणूस आमचा नाही. फोन ठेवा आणि आम्हाला कळवा, म्हणजे इतर ग्राहकांनाही सावध करता येईल.

पुढच्या वेळी येताना सगळ्या बँकांची पासबुके आणि खात्याला जोडलेला फोन सोबत आणा. नंबर, नामनिर्देशन आणि विम्याची मर्यादा एकदाच बसून तपासू. यासाठी वेगळे शुल्क नाही. शुक्रवारी बाजारामुळे गर्दी असते, शक्यतो दुसरा दिवस निवडा.