चर्चच्या छतावरून पडद्यावर : ‘द सेव्हन्थ सील’ची पार्श्वभूमी

स्टॉकहोमच्या उत्तरेला तेबी इथं एक जुनं चर्च आहे. त्याच्या छताच्या कमानीवर एक माणूस बुद्धिबळ खेळताना दिसतो आणि पटापलीकडे असतो हाडांचा सापळा. आल्बर्टस पिक्टर या चित्रकारानं १४८०च्या दशकात हे चित्र काढलं. स्वीडिश चित्रपट दिग्दर्शक इंगमार बर्गमनचे वडील ल्युथरन धर्मोपदेशक. ते खेड्यापाड्यांतल्या चर्चमध्ये प्रवचनाला जात, तेव्हा लहानगा इंगमार बरोबर असे, आणि प्रवचन चालू असताना त्याची नजर असल्या चित्रांवर खिळलेली असे. बर्गमनच्या ‘द सेव्हन्थ सील’ (१९५७) या चित्रपटातलं मध्ययुग इथून आलं आहे, इतिहासाच्या पुस्तकातून नव्हे.

हे लक्षात घेतलं की चित्रपटातल्या कालविसंगतीचा उलगडा होतो. सरदार आंतोनियस ब्लॉक पवित्र भूमीतल्या धर्मयुद्धावरून परततो आणि त्याच्या देशात प्लेग पसरलेला असतो. त्याला न्यायला माणसाच्या रूपात मृत्यू येतो, आणि ब्लॉक त्याच्याशी बुद्धिबळाचा डाव मांडतो. प्रत्यक्षात धर्मयोद्ध्यांचं तिथलं शेवटचं मोठं ठाणं, आक्र शहर, १२९१मध्येच पडलं होतं आणि प्लेग स्वीडनमध्ये आला १३५०मध्ये. चित्रपटात भेटणारा चर्चचा चित्रकार, म्हणजे आल्बर्टसच, प्लेगनंतर शंभराहून अधिक वर्षांनी होऊन गेला. चित्रपटात एका मुलीला चेटकीण ठरवून जाळतात; तसं बायकांना मारण्याची मोठी लाट तर स्वीडनमध्ये १६६८ ते १६७६ या काळातली. पण चर्चच्या भिंतीवर बायबलमधली माणसंही पंधराव्या शतकातले कपडे घालूनच उभी असतात. बर्गमननं तीच मुभा घेतली, आणि मला ती पूर्ण रास्त वाटते.

भीती मात्र अस्सल आहे. प्लेग नॉर्वेत पोचल्याचं कळताच १३४९मध्ये राजा मॅग्नस एरिक्सननं प्रजेला पत्र काढलं: शुक्रवारी फक्त पाणी आणि भाकरीवर राहा, अनवाणी चर्चला जा, दान करा. त्याच सुमारास जर्मन मुलखात स्वतःला चाबकानं फोडून घेणाऱ्यांच्या मिरवणुका निघत होत्या. येशूच्या वयाच्या हिशेबानं साडेतेहतीस दिवसांचं ते व्रत असे. ऑक्टोबर १३४९मध्ये पोप सहावा क्लेमेंट यानं त्यावर बंदी घातली. चित्रपटात ही मिरवणूक भटक्या नटांच्या गाण्यात घुसते आणि खेळ तिथंच थांबतो.

शीर्षक बायबलच्या शेवटच्या ग्रंथातलं, आठव्या अध्यायाच्या पहिल्या ओळीतलं. सातवी मोहोर (सील) फुटते आणि स्वर्गात सुमारे अर्धा तास शांतता पसरते. ब्लॉकचं सगळं दुखणं या शांततेपाशी आहे. त्याला श्रद्धा नको, अंदाज नको, ज्ञान हवं. देवानं तोंड दाखवावं, बोलावं. चर्चमध्ये तो जाळीआडच्या पाद्र्याकडे हे कबूल करतो आणि बोलण्याच्या भरात आपला डावपेचही सांगून टाकतो: उंट आणि घोडा मिळून मारा करायचा. जाळीपलीकडे पाद्री नसून मृत्यूच असतो. इंग्रजी सबटायटल्समध्ये उंटाचा ‘बिशप’ होतो, म्हणून अनेकांनी इथं धर्मसंस्थेचं प्रतीक शोधलं. स्वीडिश भाषेत त्या मोहऱ्याला ‘धावणारा’ म्हणतात, त्यामुळे ती कोटी मूळ संवादात नाहीच.

पुढे मृत्यू ब्लॉकचा वजीर मारतो आणि तो मोठा फटका ठरतो. चौदाव्या शतकात युरोपात हे मोहरं तिरकं एकच घर चालायचं, आपल्या जुन्या चतुरंगातल्या मंत्र्यासारखं. त्याला लांब पल्ल्याची चाल मिळाली पंधराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे पटावरचा नियमसुद्धा सरदाराच्या काळातला नाही, चित्रकाराच्या काळाला जवळचा आहे.

चित्रपटाचं बीज ‘ट्रेमोलनिंग’ (लाकडावरचं चित्र) या एकांकिकेत आहे. माल्मोच्या नाट्यविद्यार्थ्यांसाठी बर्गमननं ती लिहिली होती. १९५५मध्ये स्टॉकहोमला ती बसवली बेंग्ट एकेरोटनं, पुढे पडद्यावर मृत्यूची भूमिका केलेल्या नटानं. पटकथा निर्मात्यांनी आधी नाकारली होती. १९५६मध्ये बर्गमनच्या आधीच्या विनोदी चित्रपटाला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात यश मिळालं, तेव्हा होकार आला, तोही अवघ्या ३५ दिवसांच्या चित्रीकरणासाठी. बरंचसं काम स्टॉकहोमजवळच्या रोसुंडा स्टुडिओत झालं. सुरुवातीचा खडकाळ किनारा दक्षिण स्वीडनमधल्या होव्स हालार इथला.

शेवटचा मृत्यूचा नाचही तिथलाच. हातात हात धरून टेकडीवरून जाणाऱ्या त्या काळ्या आकृतींना मध्ययुगीन भित्तिचित्रांची परंपरा आहे. पॅरिसच्या दफनभूमीत १४२४-२५मध्ये रंगवलेल्या रांगेत पोपपासून शेतकऱ्यापर्यंत सगळे होते. बर्गमनचं दृश्य मात्र आयत्या वेळी सुचलेलं. दिवसाचं काम संपलं होतं, बरेच नट निघून गेले होते आणि आकाशात विलक्षण ढग आला. कॅमेरामन गुन्नार फिशर तयार झाला. तंत्रज्ञांना आणि तिथं आलेल्या एकदोन पर्यटकांना पोशाख चढवले आणि ढग सरायच्या आत चित्रण उरकलं.